सायकलींच्या व्यापारी प्रदर्शनाला जावं का? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सायकलवर जीव जडला की वर्षा-दोन वर्षांत हा प्रश्न डोक्यात येतोच. जगभर सायकलींची एवढी मोठी प्रदर्शनं भरतात, त्यांची छायाचित्रं आणि व्हिडिओ आपण बघत असतो, मग एकदा स्वतः जाऊन यावं का? प्रवास, मुक्काम, रजा, तिकीट एवढं सगळं जुळवून हाताला काय लागणार?

माझं उत्तर आधीच सांगतो. पहिली सायकल घ्यायची आहे आणि कोणती घ्यावी ते ठरत नाही, एवढ्याच कारणासाठी व्यापारी प्रदर्शनाला जाऊ नका. तिथे शेकडो सायकली दिसतील, पण त्यातल्या बहुतेकांवर बसताही येणार नाही, आणि परत याल तेव्हा गोंधळ दुप्पट झालेला असेल. सायकल आतून कशी चालते हे समजून घ्यायचं असेल, स्वतःची सायकल स्वतः जुळवायची असेल, दुरुस्ती शिकत असाल किंवा या धंद्यात उतरायचा विचार असेल, तर मात्र जरूर जा. एखादा भाग ज्याने बनवला त्याच्यासमोर उभं राहून "हे असं का केलंत?" असं विचारता येतं, अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

पहिल्या प्रदर्शनाला मी दोन दिवस होतो. दिसेल त्या स्टॉलवर गेलो, मिळेल तो कॅटलॉग घेतला, शंभरावर फोटो काढले. परत आल्यावर त्यातला एकही फोटो पुन्हा उघडला नाही. पुढच्या वेळी एकच प्रश्न घेऊन गेलो. माझ्या सायकलीचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलच्या दांड्याचा (क्रँकचा) आस ज्या बेअरिंगांवर फिरतो तो भाग, जोर लावला की करकरायचा. दोनदा बदलूनही आवाज जात नव्हता. बेअरिंग बनवणाऱ्यांच्या एका लहानशा स्टॉलवर मी हे सांगितलं. तिथल्या वयस्कर इंजिनिअरने काही न बोलता खणातून फ्रेमचा कापलेला तुकडा काढला, त्यात प्लॅस्टिकचा कप बसवला आणि माझा अंगठा त्यावर ठेवून म्हणाला, "दाबा." कप किंचित हलला. केसाएवढाच, पण अंगठ्याला कळला. मग त्याने समजावलं: दाबून बसवायच्या प्रकारात फ्रेमच्या दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत आणि अगदी नेमक्या मापाची लागतात. तिथे थोडा जरी फरक राहिला तरी प्रत्येक पॅडलला कप भोकात सरकतो आणि आवाज येतो. दोन्ही बाजूंचे कप मध्ये आट्यांनी एकमेकांना जोडणारा प्रकार वापरला की ते एका रेषेत राहतात. दहा मिनिटांत दोन वर्षांचा प्रश्न सुटला.

पुढे जे लिहिलं आहे ते सगळं त्या दोन भेटींतल्या फरकातून आलेलं आहे.

पहिली पायरी: प्रदर्शन कोणत्या जातीचं आहे ते बघा

"सायकल शो" या एकाच नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी चालतात. ही गल्लत झाली की निराशा ठरलेली.

पहिली जात निव्वळ व्यापाराची. इथे उत्पादक, वितरक आणि दुकानदार एकमेकांना भेटायला येतात. तैवानमधला तैपेई सायकल शो हे याचं ठळक उदाहरण. तो मार्चच्या सुमारास भरतो. जायंट आणि मेरिडा या सायकली बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या तैवानच्या, दोन्हींची स्थापना १९७२ ची, आणि ताइचुंग शहराच्या आसपास फ्रेम, हँडल, सीटपोस्ट, चेन, हब (चाकाचा आसाभोवती फिरणारा मधला भाग) बनवणाऱ्या कारखान्यांचं दाट जाळं आहे. त्यामुळे तिथे तयार सायकलींपेक्षा सायकलीचे अवयव जास्त बघायला मिळतात. ज्यांची नावं आपण कधी ऐकलेली नसतात असे कारखाने तिथे असतात, आणि आपल्या सायकलीचा एखादा भाग त्यांच्याकडेच बनलेला असू शकतो.

दुसरी जात मिश्र. जर्मनीतलं युरोबाइक १९९१ मध्ये फ्रीडरिक्सहाफेन या सरोवराकाठच्या गावात सुरू झालं आणि २०२२ मध्ये फ्रँकफर्टला हललं. फ्रँकफर्टला पहिल्या वर्षी सुरुवातीचे दिवस व्यापाऱ्यांसाठी आणि शनिवार-रविवार सर्वांसाठी खुले अशी वाटणी होती. अशा ठिकाणी कोणत्या दिवशी जायचं हाच निम्मा निर्णय असतो. व्यापाराच्या दिवशी बोलायला माणसं मिळतात, खुल्या दिवशी सायकल चालवायला मिळते.

तिसरी जात मेळाव्याची. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळ लगुना सेकाच्या शर्यतीच्या मार्गावर १९९१ पासून भरणारं सी ऑटर क्लासिक बघा. तिथे शर्यती चालू असतात, शेजारी कंपन्यांचे तंबू असतात, आणि लोक सायकली घेऊन खऱ्या वाटांवर फिरून येतात. नवीन सायकल घेणाऱ्या माणसाने जायचंच असेल तर अशा ठिकाणी जावं.

चौथी जात माझ्या सर्वांत आवडीची: हाताने फ्रेम बनवणाऱ्यांची प्रदर्शनं. अमेरिकेत २००५ मध्ये ह्यूस्टनला अशा कारागिरांचं प्रदर्शन भरलं आणि पुढे वेगवेगळ्या शहरांत भरत राहिलं. इंग्लंडमध्ये २०११ मध्ये ब्रिस्टलला बिस्पोक्ड सुरू झालं. अमेरिकेतल्याच पोर्टलंडला २०२३ मध्ये 'मेड' नावाचं नवं प्रदर्शन आलं. इथे स्टॉलवर विक्री अधिकारी नसतो. ज्याने नळ्या कापल्या, जोड भरले, कानशीने घासले तोच माणूस उभा असतो. एखाद्या फ्रेमच्या नळीवर नखाने टिचकी मारून बघा, अर्थात त्याला विचारून. टोकाशी आवाज बद्द येतो आणि मध्यावर येता येता खणखणीत होतो. कारण चांगल्या पोलादी नळीची जाडी सगळीकडे सारखी नसते. जोडाजवळ ताण जास्त म्हणून तिथे ती जाड, मधे पातळ. टोकांना ०.८ मिलिमीटर आणि मध्यावर ०.५ अशी मापं सर्रास असतात. अशा नळीचं पेटंट इंग्लंडच्या रेनॉल्ड्सने १८९७ मध्येच घेतलं होतं. हे पुस्तकात वाचून कळतं, पण कानाने ऐकलं की विसरत नाही.

प्रदर्शनाची जात ओळखायची सोपी खूण: संकेतस्थळावर प्रवेशासाठी कंपनीचं नाव आणि हुद्दा मागत असतील तर ते व्यापाराचं. लहान मुलांच्या शर्यती आणि चाचणी फेरीच्या वेळा दिल्या असतील तर ते सर्वांसाठी.

दुसरी पायरी: कोण येणार आहे ते तपासा

ही पायरी लोक सर्रास गाळतात. सर्व मोठ्या कंपन्या तिथे असतीलच असं धरून चालू नका. गेल्या काही वर्षांत कितीतरी बड्या नावांनी सार्वजनिक प्रदर्शनांतून अंग काढून घेतलं आणि आपल्या दुकानदारांसाठी वेगळे कार्यक्रम ठेवायला सुरुवात केली. अमेरिकेतलं इंटरबाइक हे १९८२ पासून चालत आलेलं, कित्येक वर्षं लास वेगासला भरणारं बलाढ्य प्रदर्शन. २०१८ ला ते रीनोला नेलं आणि २०१९ चं भरलंच नाही.

तेव्हा स्टॉलधारकांची यादी उघडा, दालनांचा नकाशा उतरवून घ्या आणि आपल्या कामाच्या दहा-बारा नावांवर खूण करा. ज्या कंपनीसाठी निघालात तीच यादीत नसेल तर जायचं की नाही याचा तेव्हाच फेरविचार करा. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो: खुणा करताना तयार सायकलींपेक्षा सुट्या भागांच्या स्टॉलना जास्त जागा द्या. वेगवेगळ्या नावांच्या दहा सायकली घ्या, त्यांचे गिअर आणि ब्रेक बहुतेक वेळा त्याच दोन-चार घरांतून आलेले असतात. १९२१ ची जपानची शिमानो, १९३३ ची इटलीची कॅम्पान्योलो, १९८७ ची अमेरिकेची स्रॅम ही त्यातली मोठी. सायकलीच्या स्टॉलवर रंग आणि आकार बघायला मिळतो. सायकल का चालते आणि का बिघडते हे भागांच्या स्टॉलवर कळतं.

तिसरी पायरी: घरी बसून करायची तयारी

इथे थोडा वेळ काढा. प्रदर्शन सार्थकी लागतं की वाया जातं हे बरंचसं इथेच ठरतं.

एका कागदावर तीनच प्रश्न लिहा. पंधरा नकोत. "चांगली सायकल कोणती?" हा प्रश्न उपयोगाचा नाही, कारण त्याला प्रत्येक स्टॉलवर तेच उत्तर मिळेल: आमची. "माझ्या फ्रेममध्ये ३८ मिलिमीटरचं टायर मावेल का, आणि चिखल झाला तर किती जागा उरेल?" हा खरा प्रश्न. "तीन तासांनंतर माझे तळहात बधिर होतात, ते हँडलच्या उंचीमुळे की सीटच्या कलामुळे?" हाही.

मग आपल्या सायकलीची मापं घ्या आणि फोनमध्ये टाकून ठेवा. क्रँकच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर. क्रँकची लांबी, जी क्रँकवरच कोरलेली असते. फ्रेमचा स्टॅक आणि रीच माहीत असेल तर उत्तम. स्टॅक म्हणजे क्रँकच्या आसापासून हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या आखूड नळीच्या, वरच्या टोकापर्यंतची उभी उंची, आणि रीच म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर. एका कंपनीचा 'मीडियम' दुसऱ्या कंपनीच्या 'लार्ज'एवढा निघतो, स्टॅक आणि रीच मात्र मिलिमीटरमध्ये असल्यामुळे फसवत नाहीत.

टायरच्या कडेवर जे आकडे असतात तेही उतरवून घ्या. ३७-६२२ असं लिहिलेलं असेल तर ३७ मिलिमीटर ही रुंदी आणि ६२२ मिलिमीटर हा रिमवर टायर जिथे बसतं तिथला व्यास. नवख्यांचा सर्वांत मोठा घोळ इथे होतो. ७००सी, २८ इंची आणि २९ इंची म्हणून जी चाकं विकली जातात त्यांचा हा व्यास साधारणपणे ६२२ च असतो. २७.५ इंची म्हणजे ५८४, आणि माउंटन बाइकचं नेहमीचं २६ इंची म्हणजे ५५९. इंचाची नावं विसरा, तीन आकडी व्यास विचारा. समोरचा माणूस लगेच ओळखतो की याला विषय कळतो, आणि बोलणं एक पायरी वर जातं.

आपल्या सायकलीचे चार फोटोही जवळ असू द्या: उजव्या बाजूने पूर्ण सायकल, मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग), ब्रेक जिथे फ्रेमला बसतो ती जागा, आणि बॉटम ब्रॅकेट. शब्दांत सांगता येत नाही ते फोटोत दिसतं.

चौथी पायरी: प्रवेश आणि दिवस

व्यापाराच्या प्रदर्शनाला नोंदणी आगाऊ करावी लागते आणि पुष्कळदा व्यवसायाचा पुरावा मागतात. तो नसेल तर खोटी कंपनी दाखवून आत शिरू नका. तिथे बसलेल्या माणसाचा वेळ धंद्यासाठी राखलेला असतो, आणि पहिल्या दोन प्रश्नांत खरं काय ते बाहेर येतं. सर्वांसाठी खुल्या दिवशी जा आणि "मी ग्राहक आहे, शिकायला आलोय" असं सरळ सांगा. या वाक्याने दारं उघडतात, हा माझा अनुभव आहे.

नवख्याला एक पूर्ण दिवस पुरतो. दुसऱ्या दिवशी डोळे बघतात पण डोकं घेत नाही. सकाळी दालन उघडल्यावरचा पहिला दीड तास सोन्यासारखा: गर्दी नसते आणि माणसं ताजी असतात. तुमचा सर्वांत अवघड प्रश्न तेव्हा विचारा. शेवटच्या दिवशी दुपारनंतर स्टॉल आवरायला लागतात, तेव्हा नीट बोलणं होत नाही.

बूट जुने आणि पायाला सरावलेले घाला. काँक्रीटवर दिवसभर उभं राहणं शंभर किलोमीटर सायकल चालवण्यापेक्षा जास्त दुखतं.

पाचवी पायरी: स्टॉलवर

आत गेल्यावर पहिला अर्धा तास कुठेही थांबू नका. सर्व दालनांतून एक चक्कर मारा, खुणा केलेली ठिकाणं नक्की कुठे आहेत ते बघा आणि मग पहिल्या प्रश्नाच्या स्टॉलवर या. असं केलं नाही तर दारातल्या झगमगाटातच दुपार होते.

मोठ्या स्टॉलवर पुढे उभी असणारी माणसं विक्रीची असतात. ती वाईट नसतात, पण त्यांना नवीन मालाची ओळख करून द्यायला सांगितलेलं असतं. खोलातला प्रश्न असेल तर अदबीने विचारा: "हे ज्यांनी डिझाइन केलं त्यांच्यापैकी कोणी इथे आहे का?" पुष्कळदा मागच्या टेबलावर बसलेला, कोणी विचारत नाही म्हणून कंटाळलेला माणूस उठून येतो आणि मग त्याला थांबवावं लागतं. कडेच्या लहान स्टॉलवर तर ही अडचणच नसते.

हाताने बघण्यासारखं काय आहे त्याचं एक उदाहरण देतो. मागच्या चाकाच्या हबमध्ये एकाच दिशेने पकडणारी यंत्रणा असते, म्हणून पॅडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं. हब बनवणाऱ्यांच्या स्टॉलवर ती कापून उघडी मांडलेली असते. चाक एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, पुढे फिरवा. पकड बसेपर्यंत ती किती सरकते ते बोटांना कळतं. आत पकडीच्या ३६ जागा, म्हणजे दात, असतील तर जास्तीत जास्त १० अंश सरकते, ५४ असतील तर पावणेसातच्या आत, ७२ असतील तर ५ अंश. आता विचारा की दात वाढवले तर प्रत्येक दात लहान होतो, मग त्याची ताकद कशी राखता? दर किती किलोमीटरला उघडून ग्रीस बदलायचं, आणि ते घरच्या हत्यारांनी जमतं का? सपाट रस्त्यावर निवांत चालवणाऱ्याला १० अंश आणि ५ अंशांत फारसा फरक जाणवत नाही. दगडगोट्यांच्या चढावर अर्धा अर्धा पॅडल मारत जाणाऱ्याला तो चांगलाच जाणवतो. आपण कुठल्या प्रकारात आहोत हे तिथे उभं असतानाच ठरवता येतं, आणि नको त्या गोष्टीवरचा खर्च वाचतो.

कुठल्याही नव्या वस्तूसमोर मी तीन गोष्टी विचारतोच. हिचा झिजणारा भाग कोणता आणि तो वेगळा मिळतो का? पुढची किती वर्षं मिळेल? आणि दुसऱ्या कंपनीचा भाग इथे बसतो का? तिसऱ्या प्रश्नावर चेहरा बदलला तर समजायचं ते समजा. सायकलीच्या जगात मापांची भाऊगर्दी फार आहे. नुसत्या बॉटम ब्रॅकेटचीच डझनभर मापं आहेत. उलट दिशेने झालेली एक चांगली गोष्ट म्हणजे स्रॅमने २०१९ मध्ये आणलेला डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला ज्यावर बसतो तो तुकडा. पूर्वी जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असायचा आणि तो वाकला की तसाच दुसरा शोधत फिरावं लागायचं. हा एकच नमुना दुसऱ्या कंपन्यांनाही वापरायला दिला, आणि आता अनेक फ्रेमना तोच बसतो. नवी फ्रेम बघताना त्यात तो आहे का, एवढं जरूर विचारा.

टायर अडकवून धरणारा हुक कडेला नसलेल्या, सपाट कडेच्या रिम अलीकडे खूप दिसतात. त्या हलक्या आणि दिसायला सुंदर असतात, पण त्यांच्यात हवेचा दाब ५ बारच्या, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर नेता येत नाही, आणि त्यांना चालणारं म्हणून ठरवून दिलेलंच टायर लावावं लागतं. स्टॉलवर हे आपणहून सांगितलं जाईलच असं नाही. यात तुमच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, म्हणून चालणाऱ्या टायरांची यादी मागून घ्या.

फोटो काढण्यापूर्वी विचारा, खास करून व्यापाराच्या प्रदर्शनात. बाजारात न आलेले नमुने मांडलेले असतात आणि नक्कल होण्याची भीती खरी असते. परवानगी मिळाली तर आधी स्टॉलच्या पाटीचा फोटो आणि मग वस्तूचा, हा क्रम मोडू नका. नाहीतर संध्याकाळी चाळीस काळे हब दिसतात आणि कोणता कोणाचा ते कळत नाही.

सहावी पायरी: चाचणी फेरी

चाचणीची सोय असेल तर नाव सकाळीच नोंदवा. आपलं हेल्मेट, नेहमीचे बूट आणि बुटाला जुळणारी पॅडलं बरोबर न्या. खिशात ४ आणि ५ मिलिमीटरची अ‍ॅलन की आणि एक छोटी टेप ठेवा. घरून आणलेल्या मापाला सीट लावल्याशिवाय निघू नका. सीट तीन सेंटिमीटर खाली असलेली उत्तम सायकलसुद्धा वाईटच वाटते, आणि मग आपण सायकलीबद्दल नाही, सीटबद्दल मत बनवून परततो.

आणि हे लक्षात ठेवाच: निघण्यापूर्वी पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते बघा. ब्रिटन आणि जपानमध्ये तो सहसा उजव्या हाताला असतो, अमेरिकेत आणि युरोपच्या बऱ्याच भागात डाव्या. सवयीने मागचा समजून पुढचा डिस्क ब्रेक जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. सायकल हातात धरून चालवत दोन्ही ब्रेक एकेकदा दाबा आणि मगच बसा.

एकच मार्ग ठरवा. पहिली सायकल, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. ही तिसरी फेरी सोडू नका, कारण पहिल्या फेरीत आपण मार्ग शिकत असतो, सायकल नाही. टायरमधली हवा दोन्हींत सारखी आहे का ते विचारा. टणक टायरची सायकल वेगवान वाटते आणि मऊ टायरची आरामशीर, आणि दोन्हींचं श्रेय फुकट फ्रेमला जातं.

विजेची मदत असलेली सायकल असेल तर थोडा वेळ मोटर बंद करून चालवा. बॅटरी संपल्यावर ती अशीच चालवायची आहे. युरोपीय मानकाच्या सायकलींत, म्हणजे ईएन १५१९४ मध्ये, मोटरची सततची शक्ती २५० वॉटपर्यंत असते आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबते. मदत थांबते त्या क्षणी सायकल कोणी मागून धरल्यासारखी वाटते की अलगद सुटते, तेवढं नीट बघा. चांगल्या आणि साधारण मोटरमधला फरक तिथेच कळतो. बॅटरीची तुलना वॉट-तासांत करा: ३६ व्होल्ट आणि १४ अँपिअर-तास म्हणजे ५०४ वॉट-तास. आणि विचारा की सहा वर्षांनी हीच बॅटरी नवी मिळेल का.

धंद्यात उतरू पाहणाऱ्यांसाठी

तुमच्यासाठी प्रदर्शनाचं मोल सर्वांत जास्त, आणि चुकीची किंमतही सर्वांत जास्त. भेटीच्या वेळा तीन-चार आठवडे आधी ठरवा. आयत्या वेळी गेलं तर फक्त कॅटलॉग मिळतो. किमान किती नगांची ऑर्डर घेता, नमुना किती दिवसांत, माल किती आठवड्यांत, वॉरंटीचा सुटा भाग कोण पाठवणार आणि त्याचा वाहतूक खर्च कोणाचा, हे चार मुद्दे दराच्या आधी विचारा. दर सांगितला तर तो कारखान्याच्या दारातला, बंदरावर जहाजात चढवून दिलेला, की तुमच्या बंदरापर्यंतचा, हे लगेच लिहून घ्या. सायकल, फ्रेम आणि पुढचं चाक धरणाऱ्या काट्यासाठी (फोर्कसाठी) लागू असलेल्या आयएसओ ४२१० या सुरक्षा मानकाचं प्रमाणपत्र बघायला मागा, आणि ते याच मॉडेलचं आहे ना ते तपासा.

पहिल्याच भेटीत ऑर्डर देऊ नका. २०२० आणि २०२१ मध्ये सायकलींना एवढी मागणी आली की काही भागांसाठी वर्षाहून जास्त थांबावं लागलं. घाबरून अनेकांनी गरजेपेक्षा मोठ्या ऑर्डरी नोंदवल्या. माल २०२२ नंतर येऊन पडला तेव्हा मागणी ओसरली होती आणि गोदामं भरून वाहत होती. अशा काळात चांगली चालणारी दुकानंही अडचणीत आली. म्हणून समोरच्याला विचारा की तयार माल आत्ता किती पडून आहे आणि कोणत्या सालचा. उत्तरातून त्याची घाई का आहे ते कळतं.

सातवी पायरी: त्याच रात्री

मुक्कामावर आलात की झोपण्यापूर्वी अर्धा तास बसा. तीन प्रश्नांच्या खाली मिळालेली उत्तरं लिहा. दोन स्टॉलवर एकाच प्रश्नाची उलटसुलट उत्तरं मिळाली असतील तर दोन्ही लिहा. खरं शिकणं तिथून सुरू होतं, कारण आता तुम्हाला चौथा प्रश्न सापडलेला असतो. जी माणसं मन लावून बोलली त्यांना आठवड्याच्या आत दोन ओळी पाठवा, आपली सायकल कोणती आणि काय बोलणं झालं याची आठवण देऊन. त्या बेअरिंगवाल्या इंजिनिअरला मी आवाज थांबल्याचं कळवलं होतं. त्याने उत्तरात कपांच्या आट्या किती जोराने आवळायच्या तो आकडा पाठवला आणि खाली लिहिलं की दर पावसाळ्यानंतर एकदा उघडून पुसा.

विकत काही घ्यायचं असेल तर ते महिनाभराने घ्या. प्रदर्शनात जे हवंहवंसं वाटलं त्यातलं महिन्यानंतरही डोक्यात राहिलं, आणि ते आपल्या फ्रेममध्ये बसतं हे टेपने मोजून नक्की झालं, तरच.